लवंग, रोझमेरी आणि थाइमच्या तेलाचा स्प्रे अख्खा हंगाम वापरून बघितला

पाचपैकी साडेतीन स्टार. घेण्याआधी मी अशा स्प्रेचे जेवढे रिव्ह्यू वाचले त्यातल्या निम्म्यांत लिहिलं होतं की एकदम जबरदस्त आहे आणि निम्म्यांत लिहिलं होतं की नुसतं वासाचं पाणी आहे, आता स्वतः वापरल्यावर वाटतंय की दोघंही खरंच सांगत होते, फक्त एकाच्या पानांवर कोळी होता आणि दुसऱ्याच्या फळात अळी होती. म्हणून मी कुठल्या किडीवर काय झालं ते वेगवेगळं सांगते, थोडं लांबेल पण वाचा, कारण मला हे घ्यायच्या आधी कोणी सांगितलं असतं तर माझ्या लिंबाच्या झाडांची एक ओळ जळाली नसती.

आधी एक गोंधळ दूर करते. हे निंबोळी तेल नाही, करंज तेलही नाही. ती बी पिळून काढलेली जड तेलं, कागदावर थेंब टाकला तर तेलकट डाग तसाच राहतो. ही सुगंधी तेलं आहेत, पानं, कळ्या, साल यातून वाफ सोडतात, वाफेबरोबर जे उडून येतं ते थंड करून गोळा करतात. रोझमेरीसारख्या हलक्या तेलाचा थेंब कागदावर टाकून बघा, काही वेळाने वास असतो पण डाग जवळजवळ गेलेला असतो. या औषधाचं जे काही चांगलं आहे आणि जे काही वाईट आहे ते सगळं इथूनच येतं, ते उडून जातं.

माझी बाटली तीन तेलांची आहे, लवंग, रोझमेरी आणि थाइम, आणि बाकी पाण्यात मिसळायला इमल्सिफायर. लेबलवर तिन्हीचे टक्के दिलेत ही एक चांगली गोष्ट (याबद्दल खाली अजून लिहिते). पाण्यात ओतलं की लगेच दुधासारखं पांढरं होतं, गुठळी नाही, वर तवंग नाही. वास तगडा आहे. लवंगेतलं युजेनॉल म्हणजे दातांच्या दवाखान्यात शिरल्यावर येतो तो वास, थाइममधलं थायमॉल म्हणजे ओव्याचा वास, आणि रोझमेरीत सिनिओल आणि कापूर असतो, सिनिओल तेच जे निलगिरीत भरपूर असतं. तीन-चार पंप मारून झाल्यावर डोकं जड होतं, मास्क लावूनच मारा.

घेतलं ते लाल कोळ्यासाठी, म्हणजे पानाचा रस शोषणारी, डोळ्यांना जेमतेम दिसणारी बारीक कीड. स्ट्रॉबेरीवर आणि लिंबाच्या पानांवर ऊन वाढलं की कोळी येतोच, पानाखाली बारीक जाळी, वरून पान फिकट ठिपक्याठिपक्याचं, मग तांबूस पडायला लागतं. मागचे दोन हंगाम मी एकच कोळीनाशक पुन्हा पुन्हा मारत राहिले आणि दुसऱ्या वर्षी त्याने काही होईनासं झालं. त्यात नवल नाही, हा दोन ठिपक्यांचा कोळी औषधांना दाद न देण्यात जगातल्या सगळ्यात पुढच्या किडींपैकी एक आहे, उन्हाळ्यात आठवड्या-दहा दिवसांत त्याची एक पिढी होते, म्हणजे एका हंगामात तुम्ही किती पिढ्यांना तेच औषध पाजता बघा. आणि स्ट्रॉबेरी दोन-तीन दिवसाआड तोडावी लागते तेव्हा मारल्यावर बरेच दिवस तोडणी थांबवायला सांगणारं औषध मारायचं तरी कधी. उडून जाणारं काहीतरी हवं होतं.

मारायच्या आधी दहा पानांना लाल दोऱ्याची खूण केली आणि भिंग घेऊन मोजत बसले. हे प्लीज करा, मोजल्याशिवाय यातलं काहीच कळत नाही, कारण फवारल्यावर मेलेला कोळी पानाला तसाच चिकटून राहतो आणि लांबून बघितलं तर वाटतं काही फरकच पडला नाही. पहिल्या फवारणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं तर चालणारे कोळी अगदी तुरळक उरले होते, इतकं चांगलं होईल असं मला वाटलं नव्हतं. पण अंडी तशीच, गोल, चकाकणारी. पाचव्या दिवशी त्या अंड्यांतून पिल्लं बाहेर आली आणि पान पुन्हा भरायला लागलं. लगेच दुसरी फवारणी, परत पाच दिवसांनी तिसरी, आणि तिसऱ्यानंतर नवीन फुटवा स्वच्छ आला. जे एकदाच मारून पंधरा दिवसांनी बघतात त्यांना अर्थातच कोळी दिसणार, तेल तोवर कधीच उडून गेलेलं असतं आणि अंड्यांतून आलेल्यांना ते भेटलेलंच नसतं. पाच दिवसांनी परत मारायची तयारी नसेल तर हे घेऊच नका.

पानाची खालची बाजू भिजली पाहिजे, हे सांगायला सोपं आहे पण मी आणि दादाने पहिल्या दिवशी जे केलं ते बघता अजून एकदा सांगते. हे औषध पानातून आत शिरून रसात फिरत नाही. किडीच्या अंगावर पडलं तर काम करतं, नाहीतर नाही, थोडा वासाचा परिणाम होतो तेवढाच. आम्ही वरून उभ्याने फवारत गेलो, पानं वरून ओली दिसली, खाली कोरडी. नंतर नोझल वाकवून खालून वर मारायला लागलो तेव्हा पाणी थोडं जास्त लागलं पण फरक दुसऱ्याच दिवशी दिसला.

मरतात कशाने हे मी जरा शोधून वाचलं कारण "नैसर्गिक आहे" एवढ्याने माझं समाधान होत नाही. किड्यांच्या शरीरात ऑक्टोपामीन नावाचं एक रसायन असतं, आपल्यात अ‍ॅड्रेनलिन जे करतं साधारण तसलं काम ते त्यांच्यात करतं, हालचाल, दम, सगळं त्यावर. युजेनॉल आणि थायमॉल त्या यंत्रणेत गडबड करतात, थायमॉल मज्जातंतूंच्या आणखी एका ठिकाणी पण लागू पडतं, त्यामुळे किडा आधी सैरभैर होतो, थरथरतो, मग लुळा पडतो. आपल्या शरीरात ऑक्टोपामीनची तशी व्यवस्था नाही, म्हणून माणसाला धोका कमी. कमी म्हणजे शून्य नाही, ते पण पुढे सांगते. आणि तीन तेलं एकत्र का, एकच का नाही, याचं एक उत्तर मला फार आवडलं. रोझमेरी तेलातला कापूर एकटा असला तर किड्याच्या कातडीतून नीट आत जात नाही, पण सोबत सिनिओल असलं की जास्त आत शिरतो, कोबीवरच्या एका अळीवर हे तपासलेलं आहे. म्हणजे अख्खं तेल त्याच्या तुकड्यांपेक्षा जास्त काम करतं. अजून एक, हे निंबोळीचं उदाहरण आहे पण मुद्दा तोच, पीच वगैरेवर येणाऱ्या हिरव्या माव्याच्या (रस शोषणारी मऊ कीड) 40 पिढ्या प्रयोगशाळेत नुसत्या शुद्ध अझाडिरेक्टिनवर, म्हणजे निंबोळीतल्या मुख्य मारक घटकावर, वाढवल्या तर त्याची सहनशक्ती नऊपट झाली, पण तोच मावा निंबोळीच्या पूर्ण अर्कावर वाढवला तर झाली नाही. मिश्रणाला तोंड देणं किडीला अवघड जातं. माझ्या जुन्या कोळीनाशकाचं जे झालं ते याचं इतक्या लवकर होणार नाही अशी आशा मला यामुळेच आहे.

आता लिंबाची ओळ.

दुसऱ्या फवारणीच्या वेळी दादा म्हणाला, अगं नैसर्गिकच आहे ना, थोडं जास्त टाकलं तर काय होतंय, आणि मी पण हो म्हणाले. लेबलच्या दुप्पट टाकलं. त्यात सकाळी दुसरी कामं निघाली आणि मारायला दुपारचे बारा वाजले. संध्याकाळपर्यंत लिंबाच्या सगळ्या कोवळ्या पालवीच्या कडा तपकिरी झाल्या होत्या, दुसऱ्या दिवशी शेंडे काळे आणि वाळलेले, बारीक फळं गळाली. जुनी जाड पानं ठीक होती. ती ओळ त्या बहाराला गेलीच. मी दोन रात्री झोपले नाही कारण ती झाडं मी स्वतः रोपापासून वाढवलेली आहेत आणि चूक पूर्ण माझी होती, बाटलीवर डोस स्पष्ट लिहिलेला होता, उन्हात मारू नका हेही लिहिलेलं होतं.

नंतर कळलं की लवंग तेल जरा जास्त तीव्रतेला चक्क तणनाशक म्हणून विकलं जातं. सेंद्रिय शेतीत तण जाळायला. पानावरचं मेणाचं आवरण आणि पेशींचा पडदा ते फाडतं, पाणी निघून जातं, पान करपतं. तेच रेणू, तीच बाटली, फक्त किती टाकलं एवढाच फरक. नैसर्गिक म्हणजे सौम्य असं जे आपल्या डोक्यात बसलंय ते या तेलांच्या बाबतीत फार धोक्याचं आहे. आता माझा नियम असा आहे की नवीन झाडावर आधी एकच फांदी, लेबलच्या अर्ध्या डोसने, दोन दिवस थांबायचं, मग बाकी. ऊन उतरल्यावरच मारायचं. पाण्याचा ताण असलेल्या झाडावर अजिबात नाही.

यातच सांगून टाकते, काही जण सुगंधी तेलांच्या छोट्या बाटल्या वेगवेगळ्या आणून घरीच पाण्यात टाकून मारतात. करू नका. तेल पाण्यात विरघळत नाही हे सगळ्यांना माहीत असतं पण लवंगेचं तेल पाण्यापेक्षा जड असतं हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, ग्लासात टाकून बघा, तळाला जाऊन बसतं, आणि रोझमेरी वर तरंगतं. म्हणजे पंपात तळाशी लवंग, मधे नुसतं पाणी, वर रोझमेरी. पंपाची नळी तळातून ओढते, त्यामुळे पहिल्या दोन झाडांना जवळजवळ तणनाशक मिळतं आणि मधल्या झाडांना साधं पाणी. तयार बाटलीत जास्तीचं काही मिळत असेल तर ते तेल नाही, ते नीट बसवलेलं इमल्सिफायर आहे, आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं. तरी मधे मधे पंप हलवत राहायचाच.

पिठ्या ढेकणावर या बाटलीने निराशा केली. पेरूच्या फांदीच्या बेचक्यात जे पांढरं कापसासारखं बसतं त्याच्यावर हे दुधाळ पाणी पडलं की मोत्यासारखे थेंब होऊन घरंगळून गेलं. वरचं मेण भिजतच नाही. लहान, नुकतीच निघालेली, उघडी फिरणारी पिल्लं मेली, मोठ्या माद्या मजेत. म्हणून मी संत्र्याच्या सालीच्या तेलाची दुसरी बाटली आणली. त्यात बहुतेक सगळं लिमोनिन असतं, नव्वद टक्क्यांच्या वर, आणि लिमोनिन मेण विरघळवतं. हे मात्र लागू पडलं, फवारल्यावर थोड्या वेळात पांढरा कापूस गळून आतला गुलाबीसर किडा उघडा पडलेला दिसतो आणि दुसऱ्या दिवशी तो सुकून तपकिरी होतो. बेचक्यात ब्रशने लावलं तर अजून छान. पण लिमोनिन फक्त किड्याचंच मेण ओळखत नाही, पेरूच्या कोवळ्या फळाच्या सालीवर पण डाग पडले, त्यामुळे फळ धरल्यावर फक्त खोडाला आणि जाड फांद्यांनाच लावते. आणि थर्माकोलच्या कपात मोजायला घेऊ नका, कपच विरघळतो, खरंच, तळ गेला. पंपाचे रबरी वॉशर पण फुगले माझे, वापर झाल्यावर साबणाच्या पाण्याने लगेच धुवायला पाहिजे होतं.

पालवी-फुलं खरवडणाऱ्या बारीक फुलकिड्यांवर बरं-वाईट दोन्ही. उघड्या पालवीवरचे मेले, कळीत आणि फुलात घुसलेले राहिले, तिथे पाणी पोचतच नाही. शिवाय फुलकिड्यांची कोषावस्था बहुतेक वेळा खाली मातीत असते, म्हणजे तुम्ही झाड धुऊन काढलं तरी खालून नवीन वर येतातच. एक गोष्ट मात्र जाणवली, फवारल्यानंतर दोन-एक दिवस निळ्या चिकट सापळ्यावर नवीन आलेले कमी दिसत होते. वासामुळे ते झाडावर यायचं टाळतात असं मला वाटतं, रोझमेरीच्या वासाला फुलकिडे टाळतात हे तपासलेलं आहेच. तिसऱ्या दिवशी परत येतात. डाळिंबात कळी निघायच्या आधी दोनदा मारलं आणि फळांवर ओरखडे कमी दिसले, याचं श्रेय मी स्प्रेला देते पण पूर्ण नाही, त्या वर्षी वारा-पाऊस पण वेगळा होता.

मावा एकदम सोपा. मऊ अंग, उघड्यावर बसलेला, एका फवारणीत साफ. इथे पाचपैकी पाच.

आता फळमाशी, आणि इथे मी जरा थांबून लिहिणार आहे कारण लेबलवर मोठ्या अक्षरात "फळमाशीवर प्रभावी" लिहिलंय आणि ते वाचून मी सुरुवातीला फार आशेवर होते. फळमाशीची मादी फळाच्या सालीत सोंडेसारखा अवयव खुपसून अंडी आत घालते, अळी गरात वाढते, मोठी झाली की फळ सोडून मातीत जाते आणि तिथे कोष करते. यातली कुठली अवस्था पानाफळावर पडलेल्या, दोन दिवसांत उडून जाणाऱ्या तेलाला सापडणार? फक्त मोठी माशी, ती पण त्या क्षणी झाडावर बसलेली असेल तर, आणि ती उडून जाते. पेरू पिकायला लागले तेव्हा मी तीन वेळा मारलं. फळं कापली तर अळ्या होत्याच. लेबलने असं लिहायला नको होतं, ते मला मनापासून लागलं, कारण बाकी इतकं प्रामाणिक काम करणारं औषध आहे आणि माणूस एका खोट्या ओळीमुळे सगळ्यावरचाच विश्वास काढून घेतो.

गंमत म्हणजे सुगंधी तेलांचा फळमाशीसाठी सगळ्यात मोठा उपयोग मारण्यात नाही, बोलावण्यात आहे, आणि हा शोध जुना आहे. 1912 मध्ये बिहारमधल्या पुसा इथे काम करणाऱ्या हॉलेट नावाच्या कीटकशास्त्रज्ञाने सिट्रोनेला तेलाकडे फळमाश्यांचे नर ओढले जातात हे नोंदवलं, आणि थोड्या वर्षांत त्यातला खेचणारा घटक मिथाइल युजेनॉल आहे हेही दाखवलं. आज पेरू-आंब्याच्या बागेत जे फळमाशीचे सापळे टांगतात त्यातली गोळी किंवा लाकडाची चकती म्हणजे हेच. पॅसिफिकमधल्या रोटा नावाच्या बेटावरून 1960 च्या दशकात ओरिएंटल फळमाशी पूर्ण संपवली ती मिथाइल युजेनॉल आणि कीटकनाशक मुरवलेले तुकडे टाकून, नर सगळे तिकडे येऊन मेले आणि माद्यांना जोडीदारच उरला नाही. मी हे वाचलं तेव्हा अंगावर काटा आला, एका वासाने अख्खं बेट.

पण यातून एक धोका निघतो तो कोणी सांगत नाही म्हणून सांगते. तुळशीच्या काही प्रकारांच्या तेलात मिथाइल युजेनॉल भरपूर असतं. माझ्या ओळखीच्या एका ताईंनी फळमाशी पळवायला म्हणून तुळशीचं तेल पेरूवर मारलं आणि नर माश्यांचे थवे आले, त्यांना वाटलं तेल खराब निघालं. तेल चांगलंच होतं. आणि हे नर मिथाइल युजेनॉल चाटून मारले गेले नाहीत तर ते शरीरात त्याचं रूपांतर करून साठवतात आणि माद्यांना आणखी आवडायला लागतात, जोडी जमायचं प्रमाण वाढतं. म्हणजे सापळ्याशिवाय, नुसतंच झाडावर तुळशीचं तेल मारणं हे उलटंच काम. युजेनॉल आणि मिथाइल युजेनॉल ही नावं सारखी वाटतात पण फळमाशीच्या नराला त्यातला फरक आपल्यापेक्षा चांगला कळतो. माझ्या बाटलीत लवंगेचं युजेनॉल आहे, तिच्या फवारणीने माश्या आलेल्या मला दिसल्या नाहीत, तेवढं बरं. शेवटी फळमाशीला सापळे, पिशव्या, आणि पडलेली फळं रोज उचलून पुरणं, एवढंच चाललं.

फळ पोखरणाऱ्या अळीचं पण तेच, डाळिंबात एकदा आत गेली की हे तेल काय, दुसरं काही पण तिथे पोचत नाही. अंडी फळावर दिसतात त्या दिवसांत मारलं तर काही उपयोग होईल, मी उशीर केला त्यामुळे यावर मत देत नाही.

मधमाश्यांची मला सगळ्यात जास्त काळजी होती. थायमॉल मधमाश्या पाळणारे लोक पेटीत व्हॅरोआ नावाच्या परजीवी कोळ्याविरुद्ध वापरतातच, म्हणजे योग्य प्रमाणात मधमाशी ते सहन करते आणि कोळी नाही. पण अंगावर थेट फवारा पडला तर मधमाशी पण मरेल, तेलाला चांगला किडा वाईट किडा कळत नाही. म्हणून फुलोऱ्यात संध्याकाळी, माश्या परतल्यावर. सकाळी त्या आल्या तेव्हा निम्म्यापेक्षा जास्त वास गेलेला होता आणि त्या नेहमीसारख्या फुलांवर बसल्या, मी उभी राहून बघितलं. ढालकिडे आणि क्रायसोपाची पिल्लं (हे किडी खाणारे आपले मित्रकिडे) मात्र फवारणीत सापडली तेवढी मेली. फरक असा की चार दिवसांत बाजूच्या गवतातून नवीन ढालकिडे झाडावर आले आणि जगले. जुन्या औषधानंतर महिना-महिना एक दिसायचा नाही. तेल उडून जातं याचं मला सगळ्यात जास्त समाधान इथे मिळालं.

लेबलबद्दल म्हटलं होतं ते आता. अमेरिकेत 1996 पासून लवंग, थाइम, रोझमेरी, पेपरमिंट, सिट्रोनेला अशा बऱ्याच तेलांना कमी धोक्याची म्हणून कीटकनाशकाच्या नोंदणीतून सूट आहे. ऐकायला छान वाटतं, आणि माणसाच्या दृष्टीने ते बरोबरही असेल, पण नोंदणी नाही म्हणजे हे औषध त्या किडीवर खरंच चालतं का याचा पुरावा सरकारला द्यावा लागत नाही. सूट आहे म्हणजे चालतं असं कोणी सांगितलं तर तेवढं लक्षात ठेवा. म्हणून घेताना लेबलवर तेलाचे टक्के बघा, आणि जमलं तर मुख्य घटकाचे टक्के पण. कारण थाइम म्हणजे एकच नाही, एका थाइमच्या तेलात थायमॉल जास्त, दुसऱ्यात लिनालूल, तिसऱ्यात जिरॅनिऑल, झाड तेच, पण तेल वेगळं आणि किडीवरचा परिणाम वेगळा. नुसतं "वनस्पतीजन्य अर्क, सर्व किडींवर" लिहिलेली एक बाटली मी आधी आणली होती, टक्के नाहीत, तेलांची नावं नाहीत, कोळ्यावर काही झालं नाही, आणि त्यात काय होतं ते मला आजही सांगता येणार नाही.

वापरताना हातमोजे आणि चष्मा घाला. थाइमच्या तेलाने कातडी चांगलीच चुरचुरते, माझ्या मनगटाला दोन दिवस लाली होती, आणि डोळ्यात उडालं तर फार त्रास. घरात मांजर असेल तर तिला लांब ठेवा, मांजराच्या यकृताला हे रेणू आपल्यासारखे पटकन बाहेर टाकता येत नाहीत. आणि पंप धुतलेलं पाणी मासे असलेल्या तळ्यात, टाकीत सोडू नका. लवंग तेल माशांना भूल द्यायला वापरतात, त्यांच्यावर इतकं ते लागू पडतं.

फळाला वास लागतो का असं बऱ्याच जणांनी विचारलं. स्ट्रॉबेरीला दुसऱ्या दिवशी लागलेला होता, खाताना लवंगेची चव स्पष्ट येत होती. चौथ्या दिवशी मला आला नाही, आईला मात्र थोडा आला. त्यामुळे तोडणीच्या आधी पाच दिवस मी काही मारत नाही. लिंबू, पेरूला काही जाणवलं नाही.

दीड स्टार कापलाय तो पिठ्या ढेकूण, फळमाशीची ती ओळ आणि दर पाच दिवसांनी पंप पाठीवर घ्यावा लागतो त्याचा, वय झालेल्या माणसाला किंवा मोठ्या बागेला ते जमणार नाही हे मला दिसतंय. तेल हळूहळू सोडणारं, बारीक कवचात बंद केलेलं औषध पण आता निघालंय, ते मी अजून वापरलेलं नाही. कोळी आणि माव्यासाठी हीच बाटली मी परत मागवली आहे. जळालेल्या लिंबाच्या ओळीला परवा नवीन पालवी फुटली, तिच्यावर खालच्या बाजूला कोळ्याची चार-पाच अंडी दिसली मला भिंगातून, उद्या संध्याकाळी एका फांदीवर अर्ध्या डोसने सुरुवात करतेय.